अपुरी कादंबरी घरच्यांना छापायची आहे. उरलेली प्रकरणं लिहून घ्यावीत का?

वाघूरतीर (प्रश्न)

जळगाव जिल्ह्यातल्या एका लोकप्रिय कादंबरीकारांचे मागे राहिलेले कागद घरच्यांना पुस्तकरूपाने काढायचे आहेत. लेखक २००९ साली गेले. हाताशी आहेत तीन लांब रजिस्टरं, २१२ सुटी पानं (बरीचशी कापसाच्या जिनिंगच्या जुन्या पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली) आणि आराखड्याचं दोन पानी टिपण. आराखड्यात १८ प्रकरणं आहेत, लिहून झालीत ११. सातवं प्रकरण दोनदा लिहिलंय आणि दोन्हींत नायिकेचं नाव वेगळं आहे. पहिली ३ प्रकरणं लेखक हयात असताना एका दिवाळी अंकात आली होती. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत. मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली. लेखकाची आई आधीच वारलेली. रजिस्टरं मुलाच्या ताब्यात आहेत.

प्रकाशकाचं म्हणणं, उरलेली ७ प्रकरणं कुणाकडून तरी लिहून घ्या, नाहीतर पुस्तक उचललं जाणार नाही. सुरुवात कुठून करावी? हक्क नेमके कुणाचे?

दप्तरदार

ताई, सगळ्यात आधी एक करा: पानं लावायला घेऊ नका. आज ती ज्या क्रमाने, ज्या गठ्ठ्यात, ज्या रजिस्टरच्या पोटात आहेत, तोच पुरावा आहे. नीट लावायच्या भरात तो पहिल्याच दुपारी मोडतो आणि परत मिळत नाही. गठ्ठा आहे तसा ठेवून प्रत्येक पानाच्या मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला. पहिल्या रजिस्टरचं ४७वं पान म्हणजे ‘र१/४७’, सुट्यांना ‘सु/१’पासून. बॉलपेन नको, चिकटपट्टी तर अजिबात नको.

मग स्कॅन. रंगीतच करा, ४०० डीपीआयवर. काळ्या-पांढऱ्यात निळी शाई, काळी शाई आणि नंतरची लाल दुरुस्ती एकसारखी दिसते आणि कोणता मजकूर आधीचा ते कळेनासं होतं. पाठीमागची बाजूही स्कॅन करा, कोरी असली तरी. तुमच्याकडच्या जिनिंगच्या पावत्या तर सोनं आहेत. पावतीवर जी तारीख आहे, तिच्या आधी त्या पानावरचा मजकूर लिहिला गेलेला असू शकत नाही. सातव्या प्रकरणाच्या दोन खर्ड्यांपैकी नंतरचा कोणता, हे बहुतेक तिथेच उलगडेल. त्याला जोड नावाची द्या: आठव्या ते अकराव्या प्रकरणांत नायिकेचं जे नाव आहे, ते असलेला खर्डा नंतरचा असण्याची शक्यता जास्त. मूळ पाठात तो घ्या आणि दुसरा परिशिष्टात अख्खा छापा. दोन्हींतले चांगले परिच्छेद उचलून तिसरंच प्रकरण बांधू नका, तसं प्रकरण लेखकाने कधीच लिहिलेलं नव्हतं.

गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका, कागद फाटतो. टाचणीखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून सैल करा. रबरबँड कापून काढा. पारदर्शक पीव्हीसी फोल्डरला शाई चिकटते, त्यापेक्षा साधं आम्लरहित पाकीट बरं. आणि खानदेशातला मे महिना लक्षात घ्या. पत्र्याखालच्या माळ्यावर कागद पापडासारखा होतो आणि घडीवर तुटतो, पुढे पावसाळ्यात त्यालाच कसर लागते. खालच्या मजल्यावरचं लाकडी कपाट, भिंतीपासून चार बोटं पुढे. डांबराच्या गोळ्या कागदावर ठेवू नका.

टंकलेखन मूळ पानावरून नको, स्कॅनवरून करा. दिवसाला पाच-सहा पानांच्या वर जाऊ नका, त्यापुढे डोळा अंदाजाने वाचायला लागतो. न लागलेला शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घालून सोडा. मग एकाने स्कॅन मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने टंकलेलं बघायचं. डोळ्यांनी शंभर वेळा तपासून न दिसलेली चूक कानाला एकदाच्या वाचनात लागते.

कलम_एकोणीस

हक्कांचं बघू. रजिस्टर ज्याच्या हातात, त्याचा कॉपीराइट असं नसतं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगा आणि दोन्ही मुली यांचा समान वाटा, म्हणजे प्रत्येकी एक चतुर्थांश. मुली लग्न होऊन सुरतेला असोत की नाशिकला, करारावर चौघांच्या सह्या लागतील. ‘वडिलांनी मला वह्या दिल्या होत्या’ एवढं पुरत नाही, कारण कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी लागतो. मृत्युपत्राने हस्तलिखित कुणाला दिलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. अप्रकाशित हस्तलिखिताच्या देणगीत उलट काही लिहिलेलं नसेल तर कॉपीराइटही येतो, कॉपीराइट कायद्याचं कलम २०.

कॉपीराइटच्या मुदतीत मात्र गुंता आहे. दिवाळी अंकातली ३ प्रकरणं हयातीत छापली गेली, म्हणून त्यांची मुदत मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं: २०६९च्या ३१ डिसेंबरपर्यंत. बाकीची ८ प्रकरणं मृत्यूनंतर पहिल्यांदा छापली जाणार, म्हणून कलम २४ लागतं आणि ६० वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. पुस्तक २०२६ला आलं तर ती २०८६अखेर. एकाच पुस्तकात दोन मुदती, तेव्हा कोणतं प्रकरण आधी कुठे छापलं होतं ते पुस्तकात नोंदवाच.

प्रकाशकाशी करार करताना वर्षं लिहा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ई-पुस्तक, श्राव्य, अनुवाद, नाटक, चित्रपट हे एका ओळीत ‘सर्व हक्क’ म्हणून देऊन टाकू नका, एकेक वेगळं मांडा. दिलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही तर तो परत येतो, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. म्हणून ते ‘वेगळं काही’ शोधून वाचा.

आणि शेवट दुसऱ्याकडून लिहून घेतलात तर त्या ७ प्रकरणांचा लेखक तो, कॉपीराइटही मुळात त्याचा. त्याच्याशी स्वतंत्र लेखी करार लागेल. वारसांपैकी एकीला जरी वाटलं की या भरीमुळे वडिलांच्या लेखनाचा विपर्यास होऊन त्यांच्या नावाला बाध येतोय, तर कलम ५७खाली ती दाद मागू शकते.

साक्रीकर

संवाद बोलीत आहेत ना, मग मुद्रितशोधकाला आधीच बसवून सांगा. सवयीने तो ‘शे’चं ‘आहे’ करतो, ‘मन्हा’चं ‘माझा’ करतो आणि त्याला वाटतं चूक काढली. संगणकातली शब्दतपासणी बंद ठेवा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्हा’, ‘न्ह’, ‘ल्ह’सारखी जोडाक्षरं फुटतात, ती हाताने बघावी लागतात.

आणखी एक. जळगाव जिल्ह्यातले लेखक असतील तर सगळे संवाद अहिराणीच आहेत असं गृहीत धरू नका. यावल-रावेरकडचं पात्र लेवा गणबोलीत बोलत असेल, तर तिथे ‘आभाळ’चं ‘आभाय’ होतं. धुळ्याकडचं पात्र ‘शे’ म्हणेल. कुणी ‘शे’ म्हणतो, कुणी ‘से’. हे लेखकाने कान देऊन केलं असेल, ते एकसारखं करून टाकलं की माणसंच एकसारखी होतात. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ला गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, गाणी उतरवून ठेवली म्हणून १९५२ला अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. त्यात ‘आभाय’ आणि ‘मानूस’ तसेच राहिले म्हणून आज ती बाई आपल्याला ऐकू येते.

शब्दार्थ पानाखाली द्या, पुस्तकाच्या शेवटी नको. संवाद वाचताना कुणी दीडशे पानं उलटत नाही.

पाचोरा_वाचनालय

हे सगळं खरं, पण लोकप्रिय लेखक आहेत. वाचक गोष्टीसाठी पुस्तक घेतो. अकराव्या प्रकरणावर सोडलं तर वाचनालयात लोक पुस्तक परत आणून विचारतील, पुढचा भाग कुठे? शैली जमणारा कुणी असेल तर लिहून घ्यायला काय हरकत आहे? मुखपृष्ठावर त्याचंही नाव घाला.

दप्तरदार

भाऊ, वाचकाची ओढ रास्त आहे. पण त्याला पुढे काय होणार होतं ते हवंय, आणि ते लेखकाच्याच हातचं आहे: आराखड्याचं टिपण. उरलेल्या ७ प्रकरणांच्या नोंदी शब्दशः छापा, शेजारी मूळ पानाचं छायाचित्र. वाचकाचं समाधान होतं आणि कुणाचा हात मध्ये येत नाही.

भर घातली की ती निघत नाही. काफ्का १९२४ला गेला. कागद जाळ असं सांगितलेलं असताना त्याचा मित्र मॅक्स ब्रॉडने ते छापले, म्हणून तो जगाला मिळाला हे खरं. पण ‘द ट्रायल’च्या प्रकरणांचा क्रम ब्रॉडने लावलेला, आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. टॉल्किनच्या मुलाने १९७७ला वडिलांचे खर्डे जुळवून एकसंध पुस्तक केलं, आणि पुढे १९८३ ते १९९६ या काळात तेच खर्डे टिपांसह १२ खंडांत वेगळे काढले. मार्केझच्या मुलांनी २०२४ला वडिलांची शेवटची कादंबरी काढली तेव्हा ती नष्ट करावी असं वडिलांचं मत होतं, हे प्रस्तावनेतच सांगून टाकलं. मला तो प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. तुमच्या लेखकाने छापण्याबद्दल चांगलं-वाईट काही लिहून ठेवलं असेल, तर तेही प्रस्तावनेत येऊ द्या.

मुखपृष्ठावर नावाखाली ‘अपूर्ण कादंबरी’ स्पष्ट लिहा. आतल्या पानावर बारीक अक्षरात नको. काम झाल्यावर मूळ कागद धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी ठेवता येतील का, ते विचारा. इतिहाससंशोधक राजवाडे १९२६च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात वारले आणि त्यांचे कागद सांभाळायलाच ते मंडळ उभं राहिलं. देताना यादी करून पोच घ्या, आणि कॉपीराइट वारसांकडेच राहील असं त्या कागदावर लिहून घ्या.

वाघूरतीर

सगळ्यांचे आभार. चौघांनाही एकत्र बसवतेय. एकच राहिलं: अकरावं प्रकरण वाक्याच्या मध्येच तुटलंय. तिथे टिंबं द्यायची का?

दप्तरदार

नको. टिंबं दिली की ती लेखकाचीच वाटतात, जणू त्यांना तिथे थांबायचं होतं. पूर्णविरामही नको. शेवटचा शब्द आहे तसा ठेवा, एक ओळ सोडून चौकटी कंसात ‘हस्तलिखित येथे थांबते, र३/८८’ असा जो असेल तो पानाचा क्रमांक द्या, आणि पानाचा खालचा उरलेला भाग कोरा राहू द्या.