मदत हवी आहे : केचिकनला पावसात, सासूबाईंसह

ऑगस्टमध्ये सिएटलहून अलास्काच्या क्रूझला जातोय. वाटेतल्या केचिकन या गावाला बोट सकाळी सातला लागते आणि दुपारी दोनला सुटते. तिथे वर्षाला साधारण ३८०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे आमच्या रत्नागिरीपेक्षाही जास्त! ऊन पडेल ही आशा सोडलीच आहे.

प्रश्न सासूबाईंचा. वय ७४, मार्चमध्ये गुडघा बदललाय. सपाट रस्त्यावर अर्धा तास छान चालतात, पण ओल्या फळ्या बघितल्या की माझा हात घट्ट धरतात आणि वर "मला काही होत नाही" म्हणतात. क्रीक स्ट्रीट तर ओढ्यावर खांब रोवून बांधलेला लाकडी रस्ता. तिथे फार घसरतं का? ओढ्यात उलटं पोहत जाणारे सामन मासे त्यांना दाखवायचेच आहेत. कठड्याशी उभं राहून दिसतात का?

टोटेम हेरिटेज सेंटर छताखाली आहे. ट्लिंगिट आणि हैडा या तिथल्या मूळ जमातींच्या ओसाड पडलेल्या गावांतून आणलेले जुने कोरीव लाकडी खांब (टोटेम) तिथे आहेत, ते मला बघायचेत. धक्क्यावरून बस सोयीची की टॅक्सी? काही बोटी गावाबाहेर वॉर्ड कोव्हला लागतात म्हणे. तुमची तिथे लागली असेल तर गावात येण्याजाण्यात किती वेळ गेला?

आणि छत्री की रेनकोट? नवरा म्हणतो छत्री. तो पुण्याचा आहे.