हात आखडता असताना द्यायचं कसं?

अमळनेरची सून:
नमस्कार. मिस्टर जिनिंगमध्ये कामाला आहेत. कापसाचा हंगाम सरला की काम बंद, मग माझ्या शिवणकामावर घर चालतं. आमचे आप्पा म्हणायचे, "दारवर उना त्याले रिकामा धाडू नको." ते मनात घट्ट बसलंय. गेल्या वर्षी भंडाऱ्याची वर्गणी मागायला मंडळी आली, नाही म्हणवेना, ११०० रुपये दिले. त्याच आठवड्यात सिलिंडर संपलं आणि शेजारणीकडून उसने घ्यावे लागले. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय. द्यावंसं फार वाटतं, पण महिन्याला शंभराच्या वर निघत नाहीत. एवढ्यात कुणाचं काय भलं होणार?

देवपूर, धुळे:
ताई, उसने घेऊन वर्गणी देऊ नका. पावतीपुस्तक घेऊन चौघं दारात उभे राहिले की जीव ओशाळतो, मला ठाऊक आहे. "यंदा पैसे जमणार नाहीत, भंडाऱ्याच्या जेवणाला बट्ट्या वळायला येते" असं सरळ सांगा. मी सांगितलं, कुणी रागावलं नाही.

मी अंगणवाडीत काम करते. आमच्या गल्लीतल्या आठ घरांत पिठाच्या डब्याशेजारी एक छोटा डबा असतो. भाकरी थापायला बसायच्या आधी त्यात एक मूठ ज्वारी टाकायची. मुठीत साधारण पन्नास ग्रॅम मावते. महिन्याला घरटी दीड किलो, आठ घरांची बारा किलो. दोन एकट्या म्हाताऱ्यांना पुरते.

त्यातल्या एक आजी पूर्वी कापूस वेचायला जायच्या, आता गुडघे धरलेत. पहिल्या महिन्यात आम्ही सगळ्याजणी पिशवी घेऊन गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं, वर बघितलंच नाही. चार दिवसांनी मी एकटी गेले, तर पिशवी ओसरीवर तशीच बांधलेली. म्हणाल्या, "माय, चक्कीवर कोण नेईल? आणि दळणाचे पैसे?" आम्हा आठ जणींपैकी एकीलाही हे सुचलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता ज्वारीत उडीद-मीठ घालून कळणाच, म्हणजे भाकरीचं तयार पीठच, दळून आणतो. संध्याकाळी एकीनेच जायचं, पदराखाली डबा घेऊन. आजी परत देताना डब्यात शेवग्याच्या चार शेंगा घालतात. त्या घ्यायच्या, नको म्हणायचं नाही. तुमचे शंभर रुपये दळणाला आणि उडदाला घाला.

भुसावळ, रेल्वे कॉलनी:
पैशाशिवायही देता येतं. कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की उन्हाळ्यात रक्ताचा तुटवडा पडतो. १८ ते ६५ वय, किमान ४५ किलो वजन आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल तर पुरुषांना तीन महिन्यांनी, बायांना चार महिन्यांनी रक्त देता येतं. जेवून जा, उपाशीपोटी नको. आणि आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतोच आपण, तसाच एक रांजण दाराबाहेर भरून ठेवा. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. डांगर (खरबूज) विकत फिरणाऱ्याला त्या पाण्याचं मोल विचारा.

अमळनेरची सून:
रांजण घरातच होता, सासूबाईंचा. आजच धुऊन निंबाखाली मांडला, तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं. शेजारच्या दोघी डब्याला तयार आहेत. कळण्याला उडीद किती घालता?

देवपूर, धुळे:
चार किलो ज्वारीला एक किलो, सालासकट. मीठ दळतानाच घाला.