एनर्जीप्लसमध्ये (इमारतीतल्या उष्णतेचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) कौलांखाली फॉइल घातलं तरी शून्य फरक, वर घातलं तर घर अजून तापतंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

म्हार्दोळला आमचं जुनं घर आहे, चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि त्याखाली फळ्यांचा माळा. मे महिन्यात आजी दुपारी जेवून माळ्याखालच्या खोलीत पडते, पंखा फुल असतो तरी म्हणते वरून धग येते, आणि खरंच येते, फळीजवळ हात नेला की कळतं. घरात आता कौलं काढून पत्रे घालायचं चाललंय, मला ते अजिबात नकोय, म्हणून कौलांखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावलं तर किती फरक पडतो ते सिम्युलेशन करून दाखवायचं ठरवलं.

मॉडेल एकाच झोनचं (सगळं घर मिळून हवेचा एकच भाग), वेदर फाईल पणजीची. छताचे थर बाहेरून आत असे दिलेत: कौल, फॉइल, एअर गॅप, फळी. फॉइलचा थर्मल अ‍ॅब्सॉर्प्टन्स (उष्णता शोषण्या-सोडण्याचं प्रमाण) डिफॉल्ट 0.9 होता तो 0.05 केला. 15 मे, दुपारी 3 वाजता फळीचं खालच्या बाजूचं तापमान आधी 41.2, नंतरही 41.2! मग तेच फॉइल कौलाच्या वर घातलं, सोलर अ‍ॅब्सॉर्प्टन्स (ऊन शोषण्याचं प्रमाण) 0.7 तसाच ठेवला, तर फळी 46 वर गेली. चमकणाऱ्या वस्तूने घर थंड व्हायला हवं ना?

अजून एक, मे मध्ये दक्षिणेच्या भिंतीवर दिवसभरात थेट ऊन शून्य आणि उत्तरेच्या भिंतीवर ऊन. नॉर्थ अ‍ॅक्सिस (मॉडेलमधली उत्तर दिशा) दोनदा तपासला. आठवडा गेलाय यात, प्लीज कोणीतरी बघा.

प्रतिसाद १:
ताई, मॉडेल तू सांगितलंस तेच करतंय. मधल्या थरांचा थर्मल अ‍ॅब्सॉर्प्टन्स एनर्जीप्लस वापरतच नाही, फक्त सगळ्यात बाहेरच्या आणि सगळ्यात आतल्या थराचा वापरतं, आणि एअर गॅप म्हणजे त्याच्या लेखी उष्णतेला एक ठरलेला रेझिस्टन्स, तिथलं रेडिएशन वेगळं मोजलं जात नाही. माळ्यावरची पोकळी वेगळा झोन कर, फॉइल नो-मास (उष्णता न साठवणारं) मटेरियल म्हणून कौलाच्या आतल्या बाजूला शेवटचा थर दे, मग फॉइल आणि फळी एकमेकांना ‘बघतील’. वर घातल्यावर तापलं कारण ऊन 70 टक्के आत घेतलं जातंय पण 0.05 मुळे ती उष्णता परत आभाळाकडे जातच नाही. पितळेची कळशी उन्हात ठेवून हात लावून बघ. खऱ्या घरात फॉइलची चकचकीत बाजू खाली, पोकळीकडे ठेव, वर ठेवलीस तर धूळ बसून उपयोग जातो.

उत्तरेचं ऊन बरोबर आहे. पणजी साधारण 15.5 अक्षांशावर, मे च्या सुरुवातीला सूर्य डोक्यावरून उत्तरेला जातो तो ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास परत येतो.

मूळ धागाकर्ती:
दादा, खूप खूप आभार!! माळा वेगळा झोन केला, फळी 41.2 वरून 37.5 वर आली, मीन रेडियंट टेंपरेचर (आजूबाजूच्या पृष्ठभागांचं सरासरी तापमान) पण उतरलंय. काल रात्री घरच्यांना ग्राफ दाखवला, पत्र्यांचा विषय तूर्त थांबलाय. आता एकच अडलंय, कौलांच्या फटींतून माळ्यावर वारा भरपूर खेळतो, मी तासाला 5 एअर चेंज (म्हणजे माळ्यावरची सगळी हवा तासात 5 वेळा बदलते) धरलेत पण ते निव्वळ अंदाजाने. कौलारू घरात कोणी प्रत्यक्ष मोजलंय का, किती धरता तुम्ही?