मदत हवी आहे: खानापूर ते लंडन, आईच्या प्रवासाचे खरे तास किती धरायचे?

नमस्कार मंडळी,

माझी आई (वय 67) सप्टेंबरात एकटीच लंडनला निघते आहे. धाकट्या बहिणीचं बाळंतपण आहे. आईला साखर आहे, सकाळ-रात्र इन्सुलिन घेते, आणि उजवा गुडघा धरतो. बेळगावचे डॉक्टर सुयांच्या वेळा नव्याने लिहून देणार आहेत, पण त्यांना आमच्या उंबऱ्यापासून बहिणीच्या दारापर्यंतचे एकूण तास हवेत. तिथंच गाडं अडलंय.

एजंटाने मुंबई-लंडनच्या 7200 किलोमीटरला 900 ने भागलं आणि आठ तास सांगून मोकळा झाला. आईने वेळा बघितल्या, मुंबईहून दुपारी 1 ला सुटतं, हीथ्रोला संध्याकाळी 6 ला उतरतं, आणि म्हणाली, "पाच तासाचंच हाय की! बेंगळूरला जायला यापेक्षा जास्त लागतंय." दोन्ही हिशेब चुकीचे. सप्टेंबरात लंडनचं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असतं, म्हणजे विमानात साडेनऊ तास. जाताना वारा समोरून असतो, येताना पाठीवर, त्यामुळे परतीला तास-पाऊण तास कमी लागतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात, म्हणजे नोव्हेंबरात ती परतताना फरक साडेपाच तासांचा.

शेवटी स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून आईच्या मांडीवर ठेवलं आणि काटे साडेदहावरून सहावर आणले. ती बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे रात्रीची सुई विमानातच की रे." तेव्हापासून मला झोप नाही. आपल्या आठ वाजताची सुई, तेव्हा लंडनात दुपारचे साडेतीन. जेवणाचा ट्रे त्याच वेळी येईल असंही नाही.

माझा हिशेब असा: खानापूरहून संध्याकाळी साडेसहाला निघायचं, बेळगावहून रात्रीची बस, सकाळी मुंबई, तीन तास आधी विमानतळ. उतरेपर्यंतच 28 तास होतात. पुढे इमिग्रेशन, बॅगा, बहिणीचं घर. मी तीसच्या वर धरतोय. मुंबईपर्यंत मी सोबत आहे, पण आत ती एकटीच.

बेंगळूरचा विचारही केला. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने झोपून जाता येतं आणि आई कन्नड चांगलं बोलते. पण तिथून लंडन 8000 किलोमीटर, म्हणजे तासभर जास्त, वर स्टेशनपासून देवनहळ्ळीचं विमानतळ गाठायचं. सांबऱ्याहून (बेळगावचं विमानतळ) विमानाने मुंबई गाठली तर गुडघ्याला आराम, पण तिकीट वेगळं असल्याने बॅगा काढून परत द्याव्या लागतात, आणि पहिलं विमान लांबलं तर पुढचं गेलंच.

ज्यांनी आपल्या आई-वडिलांना असं एकटं पाठवलंय त्यांना विचारतो. व्हीलचेअर आधी सांगून ठेवली तर हीथ्रोला उतरल्यापासून बाहेर यायला प्रत्यक्षात किती वेळ लागला? विमानात जेवण सुईच्या वेळेला मागितलं तर देतात का? इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवणार, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असेल. आणि बसने अकरा तास बसवून लगेच विमानात बसवणं बरं, की मुंबईत एक रात्र मुक्काम?

कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) न्यायचा तिचा फार हट्ट होता. दुधाचे पदार्थ तिकडे चालत नाहीत हे सांगितल्यावर गप्प झाली, पण डबा अजून फळीवर धुऊन ठेवलाय.

शनिवारी डॉक्टरांकडे जायचंय. त्याआधी कुणी अनुभव लिहिलात तर फार उपकार होतील.