स्लॅबच्या दोन्ही बाजूंना टेंपरेचर ठोकून सिम्युलेशन करू नका हो

टॉपफ्लोअर_पुणे:
काल थर्मोकपल यांनी लिहिलं की गच्ची दुपारी २ ला ६० डिग्री मोजली, खोली २५, मध्ये १५० मिमी स्लॅब, दोन्ही टेंपरेचर सॉफ्टवेअरला दिली, चौरस मीटरला ३५० वॅट आले, म्हणून वरच्या मजल्यावर दोन टनाखाली एसी घेऊच नका. लोक असं वाचून खरंच पैसे घालवतात म्हणून सविस्तर लिहितोय. ३५० साठी सॉफ्टवेअर कशाला, काँक्रीटची उष्णतावाहकता १.५ गुणिले तापमानातला फरक ३५ भागिले जाडी ०.१५ मीटर, झालं. घोळ त्या २५ मध्ये आहे. स्लॅबच्या खालच्या अंगाला २५ फिक्स करणं म्हणजे छताला खालून २५ डिग्रीचं पाणी धो धो लागतंय असं सांगणं. तिथे असते हवा, तीही छताला चिकटलेली गरम हवा, ती खाली उतरत नाही. हवा आणि रेडिएशन मिळून h (दर डिग्री फरकाला चौरस मीटरमागे पृष्ठभागावरून किती वॅट जातात तो आकडा) जेमतेम ६. तो धरला की ३५० चे १३० होतात आणि छताची खालची बाजू ४७ वर जाते. १० बाय १२ च्या खोलीला ३.९ किलोवॅट कुठे आणि दीड कुठे! एक टन म्हणजेच साडेतीन किलोवॅट.

थर्मोकपल:
तुमचा ६ आला कुठून? पुस्तकात साध्या हवेला ५ ते २५ दिलंय, म्हणजे पाचपट फरक, त्यातला सोयीचा उचललात. मी २० वर्षं फर्नेसवर काढली, तिथे मोजलेलंच टेंपरेचर टाकायचो आणि भट्ट्या नीट चालायच्या. ६० हा आकडा मी भर उन्हात गच्चीवर उकिडवा बसून घेतलाय. आणि घरात पंखा असतो, तो लावला की तुमचा ६ गेला.

टॉपफ्लोअर_पुणे:
पंख्याचं बरोबर. १२ धरा, १९० येतात. ३५० यायला h अनंत लागतो. आणि ६० मोजलात, २५ मोजलात का?

थर्मोकपल:
एसी २५ वर होता.

टॉपफ्लोअर_पुणे:
म्हणजे रिमोटवरचा आकडा स्लॅबला चिकटवला! मग मोजण्याचा अभिमान मला कशाला सांगता?

मेकॅनिकलवाली:
भांडू नका. फिक्स टेंपरेचर चालतं तिथे चालतं. वाफ पाइपवर थिजतेय, पाणी उकळतंय, तिथे h हजारांत असतो, भिंत जवळपास त्याच टेंपरेचरला बसते. हवेला ते लागू नाही. माझा राग कॉलेजांवर आहे. प्रोजेक्टला मुलं येतात, मॉडेलच्या सगळ्या बाजूंना फिक्स टेंपरेचर, लाल-निळं चित्र, व्हायवात विचारलं उष्णता जाते कुठे तर गप्प. कोणी एनर्जी बॅलन्स, म्हणजे आत आलेल्या उष्णतेचा हिशोब लागतो का, ते तपासायला शिकवलेलंच नाही. आणि वरचे ६० सुद्धा फक्त त्या दिवसाचे. उद्या पांढरा रंग मारा, मॉडेलमध्ये ६० तसेच राहणार, रंगाचा फायदा शून्य दिसणार. ऊन किती शोषलं जातं ते द्यावं लागतं.

सोलापूरचं_ऊन:
रंगाचं निघालंच आहे तर सांगतो, आमच्या आईची खोली वरच्या मजल्यावर, रात्री ८ ला सुद्धा पंखा गरम वाराच मारायचा. मार्चमध्ये दोन हात चुना मारला, दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहता येतं आता. तुमचे h राहू द्या.

गच्चीवर_शेड:
चुना एका पावसाळ्यात वाहून जातो. पत्र्याची शेड टाका, ऊन स्लॅबपर्यंत येतच नाही. आमच्या सोसायटीत तीन वर्षं परवानगी अडवून ठेवली आहे, शेवटच्या मजल्यावर भाजतोय आम्ही आणि सही करायला बसलेत पहिल्या मजल्यावरचे!

सोलापूरचं_ऊन:
पत्रा तापून खाली स्लॅबलाच भाजतो. आणि रात्री स्लॅब निवणार कसा?

मेकॅनिकलवाली:
रात्रीचा मुद्दा खरा आहे. उघडा स्लॅब आकाशाला उष्णता देतो आणि निरभ्र आकाश हवेपेक्षा बरंच थंड असतं. महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ गाड्यांच्या टपावर दव गोठतं, हवा शून्याच्या वर असतानाही, ते ह्यामुळेच. शेड टाकली की स्लॅबला आकाशाऐवजी पत्रा दिसतो, म्हणून रेडिएशनला हवेचं टेंपरेचर देऊन चालत नाही.

गच्चीवर_शेड:
मग बाजू उघड्या ठेवा, वारा खेळू द्या. दुपारचं भाजणं तर वाचतं ना! आईला चुन्याने बरं वाटलं हा काही पुरावा नाही.

सोलापूरचं_ऊन:
माझ्या आईचं मला कळतं. तुम्ही तुमच्या सोसायटीचं बघा.

टॉपफ्लोअर_पुणे:
अहो मूळ मुद्द्यावर या. शिवाय दुपारचं ऊन १५० मिमी काँक्रीटमधून खाली पोचायला चारेक तास लागतात. दुपारी २ चे ६० घेऊन स्टेडी स्टेट काढणं, म्हणजे टेंपरेचर वेळेनुसार बदलतच नाही असं धरणंच चूक. हे मीही वर लिहायला हवं होतं, माझे १३० सुद्धा स्टेडीचेच आहेत.

थर्मोकपल:
आज साडेपाचला स्टुलावर चढून छत मोजलं. पंखा चालू, एसी २५ वर. छत ४२. तेव्हा २५ चूक होते, दोन टनाचं वाक्य मागे घेतो. पण पुढच्या वेळी मी हे ४२ च टाकणार, तुमचा h नाही.

सोलापूरचं_ऊन:
चुन्यात फेव्हिकॉल किती घालायचा ते कोणी सांगेल का? गच्ची १२०० स्क्वेअर फूट आहे.