मदत हवी आहे: भाषण आणि मत एकाच तक्त्यात कसं मांडायचं?

अमेरिकेच्या 2008 च्या अध्यक्षीय निवडणुकीतले उमेदवार ओबामा आणि मॅकेन यांच्या भूमिकांचा तक्ता करतोय. विषय फक्त इराक युद्ध. घोडं पेंड खातंय ते पहिल्याच ओळीत: ऑक्टोबर 2002 चा युद्धठराव सिनेटमध्ये 77-23 ने संमत झाला, मॅकेन बाजूने. ओबामा तेव्हा इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात, म्हणजे या ठरावावर त्यांचं मत नाही. त्यांचं आहे ते 2 ऑक्टोबरचं शिकागोतलं विरोधाचं भाषण. 'विरोध' लिहिलं तर भाषणाला मताचं वजन येतं, रकाना कोरा ठेवला तर भूमिकाच गायब.

दोघांनीही मत दिलेला ठराव घेऊन पाहिला (24 मे 2007, युद्धनिधी, 80-14, मॅकेन बाजूने, ओबामा विरोधात). पण तिथे खरा वाद सैन्यमाघारीच्या मुदतीचा. प्रचारातल्या वादसभा मुद्दाम वगळल्यात. भाषण आणि मत यांना वेगळे रकाने द्यावेत, की एकाच रकान्यात खूण करून ठेवावं?