ऑटोक्रॉसमध्ये गट सीसीवर पाडायचे की टायरवर?

जुनी_एस्टीम (जळगाव)
ऑटोक्रॉस म्हणजे मैदानात प्लास्टिकचे कोन (शंकू) मांडून, एकेक गाडी वेळ लावून पळवायची स्पर्धा. तिच्या गटांवर काल इथे एकाने लिहिलं, "गट सीसीवरच राहू द्या. टायर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे आणावेत. हरले की टायरच्या नावाने रडतात." हे वाचून गप्प बसवेना. उत्तर लांब होईल.

सीसीचे गट कशाला पाडले? तुल्यबळ गाड्या एकमेकींशी लढाव्यात म्हणून. पण आपल्या मैदानावर तिसरा गिअर कोणाला लागतो? पहिल्यात सुटायचं, दुसऱ्यात टाकायचं आणि शेवटच्या कोनपर्यंत दुसऱ्यातच. तिथे माझी १२९८ सीसीची एस्टीम आणि समोरच्याची ११९७ सीसीची स्विफ्ट यांच्यातला फरक इंजिन ठरवत नाही. जमिनीला टेकलेलं रबर ठरवतं.

मागच्या वेळी माझ्याच गटातली एक गाडी ट्रेलरवरून उतरली. सोबत रिमसकट दुसरा सेट, मऊ रबराचा. नख दाबलं की खूण उमटायची. मैदानाचा डांबरी भाग आला की ती गाडी रुळावर असल्यासारखी वळायची, आणि माझी पुढची चाकं किंचाळत बाहेर जायची. मी ज्या टायरवर धावलो, त्याच टायरवर संध्याकाळी भुसावळ रोडने घरी गेलो. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या टायरवर घरी जाता येतं त्यांचा एक गट, बाकीच्यांचा दुसरा. अमेरिकेत अशा स्पर्धा भरवणाऱ्या एससीसीए या संघटनेने हेच केलं. त्यांच्या स्टॉक, म्हणजे फारसे बदल न केलेल्या गाड्यांच्या, गटात वर्षानुवर्षं स्पर्धेचे मऊ टायर चालायचे. २०१४ पासून तो गट स्ट्रीट झाला आणि टायर रस्त्याचे सक्तीचे झाले. तिथल्या खेळाचं काही बिघडलं नाही.

लळिंग_वळण (धुळे)
एससीसीएचं अर्धंच सांगितलंत भाऊ. रस्त्याचा टायर कोणता हे ते ट्रेडवेअरच्या, म्हणजे टायर किती हळू झिजतो त्याच्या, आकड्यावरून ठरवतात, आज किमान २०० लागतो. तो आकडा देतं कोण? टायर कंपनी स्वतःच. चाचणी टेक्सासमध्ये सान अँजेलोजवळ होते, सुमारे ६४० किलोमीटरचा फेरा पुन्हा पुन्हा मारून. तुलनेच्या टायरला १०० धरतात आणि त्यावरून कंपनी आपला आकडा छापते. मग झालं काय? कंपन्यांनी बाजूवर २०० छापलेले, पण चिकटायला स्पर्धेच्या टायरच्या जवळ जाणारे टायर काढले. पैसेवाल्याने ते घेतले. दरी तिथेच राहिली, फक्त नियमाच्या आत आली.

आणि आपल्याकडे तो आकडा छापायची सक्तीसुद्धा नाही. स्क्रुटिनीला, म्हणजे गाड्या तपासायला, उभा असलेला पोरगा काय नख दाबून गट ठरवणार?

शिरपूर_जिप्सी
हाई बरोबर शे भो. आणि तुम्ही दोघं डांबरावरच बोलताय. आपलं अर्धं मैदान मुरमाचं, कडेला काळी माती. अवकाळीचा एक शिडकावा झाला की मऊ काय न् कडक काय, नक्षीत चिखल भरतो आणि सगळे टायर गोटा. तिथे रबर नाही, नक्षीतल्या खाचा कामाला येतात. मी मुद्दाम खोल खाचांचे टायर लावून येतो, डांबरावर वेळ घालवतो आणि मुरमावर काढून घेतो. हा माझा डाव आहे. टायर निवडणं हे ड्रायव्हिंगचंच अंग आहे, ते काढून घेऊ नका.

जुनी_एस्टीम (जळगाव)
डाव दोन सेट असणाऱ्याला खेळता येतो. एकच सेट असणाऱ्याच्या हातात फक्त हवा कमी-जास्त करणं असतं.

केळीपट्टा (रावेर)
खरा मुद्दा कोणी बोलत नाही. बाहेरचे लोक तयार गाड्या घेऊन येतात, ट्रॉफ्या उचलतात, निघून जातात. स्थानिकांसाठी वेगळा गट ठेवा, टायरचा प्रश्न आपोआप मिटतो. आमच्याकडून केळीच्या गाड्या भरून दिल्लीला जातात, त्यांचे ड्रायव्हर रिमोल्डवर (जुन्यावर नवं रबर चढवलेल्या टायरवर) जे वळण घेतात ते या ट्रेलरवाल्यांना जमणार नाही.

लळिंग_वळण (धुळे)
दादा, आरसी बघून गट पाडायचे का आता? एमएच १९ आणि एमएच १८ वेगळे करा मग.

ताईची_८०० (चाळीसगाव)
इतका वेळ वाचतेय. तुम्हाला निदान सीसीचे गट तरी मिळतात. महिलांचा गट एकच असतो. त्यात माझी ७९६ सीसीची ८०० आणि १६०० सीसीची पोलो एकत्र. टायरवर एवढं लिहिलंत, यावर कोणी कधी एक ओळ लिहिली?

माझ्या गाडीला १४५/७० आर १२ लागतो. दुकानदार त्या साईझमध्ये एक-दोन टायर काढून दाखवतो आणि "ताई, हेच येतात" म्हणतो. मला निवडच नाही, तर "टायर निवडणं हे ड्रायव्हिंगचं अंग" हे मला सांगू नका.

शिरपूर_जिप्सी
ताई, महिलांच्या एंट्र्या येतातच मोजक्या. त्यात तीन गट पाडले तर प्रत्येक जण पहिली येईल. आयोजकाने करायचं काय?

ताईची_८०० (चाळीसगाव)
एंट्र्या का येत नाहीत हे विचारलंत कधी? अमळनेरची माझी मैत्रीण एकदा आली, पोलोच्या मागे काही सेकंदांनी राहिली. बक्षीस वाटताना एका पदाधिकाऱ्याने माईकवर "भाग घेतला हेच महत्त्वाचं" म्हटलं. ती पुन्हा आली नाही. गाडी तिने उत्तम चालवली होती, एक कोन पाडला नव्हता.

केळीपट्टा (रावेर)
मग महिलांनी सरळ पुरुषांच्या सीसी गटात यावं. गाडीला कळतं का आत कोण बसलंय?

ताईची_८०० (चाळीसगाव)
मी आलेय. ११०० सीसीच्या आतल्या गटात दोनदा एंट्री मागितली. एकदा दिली. दुसऱ्यांदा "तुमचा वेगळा गट आहे ना" म्हणून फॉर्म परत केला. तुम्ही सोपं करून सांगताय ते तुम्हाला सोपं आहे म्हणून.

लळिंग_वळण (धुळे)
फॉर्म परत केला हे चूकच. पण विषय भरकटतोय. आणखी एक गोष्ट विचारतो ताई, राग मानू नका. तुमची गाडी तुमचे भाऊ पण चालवतात ना? त्यांच्या फेऱ्या आधी होतात. तापलेल्या टायरवर तुम्ही सुटता. तो फायदा कोणत्या गटात धरायचा?

ताईची_८०० (चाळीसगाव)
राग मानू नका म्हणून राग येईल असंच विचारायचं. मागच्या स्पर्धेला उन्हाने माथा भाजत होता. भावाच्या फेऱ्या संपल्या तेव्हा टायरवर हात ठेववत नव्हता. तशा टायरवर फायदा नाही, उलट गाडी डांबरावर साबणावर चालल्यासारखी जाते. मी प्रत्येक फेरीआधी टायरवर पाणी मारून घेते. माझ्या पाण्याच्या ड्रमचासुद्धा गट पाडा.

लळिंग_वळण (धुळे)
पहिली फेरी थंड टायरवर आणि तिसरी तापलेल्यावर, यात वेळ कमी होतो हे माझ्या स्वतःच्या गाडीवर बघितलंय.

जुनी_एस्टीम (जळगाव)
दोघांचंही खरं आहे, कारण एका मर्यादेपर्यंत तापलं की रबर धरतं आणि पुढे गेलं की सोडतं. मे महिन्यात आपलं डांबर ती मर्यादा सकाळी दहालाच ओलांडतं. पण दुसऱ्याच्या घरातले किती जण एक गाडी चालवतात हे असं चव्हाट्यावर काढायची गरज नव्हती, लळिंग.

लळिंग_वळण (धुळे)
बरं, ताई, तो प्रश्न मागे. टायरवर मात्र मी हलणार नाही. आकडा नाही, यंत्र नाही, तपासणारा नाही. मग एकच उपाय उरतो: सगळ्यांना एकच टायर. फॉर्म्युला वनमध्ये २००७ पासून तेच आहे.

शिरपूर_जिप्सी
तिथे एक कंपनी सगळ्यांना टायर पुरवते. इथे ताईच्या १२ इंची चाकाला आणि माझ्या १५ इंची चाकाला एकच टायर कोण आणून देणार?

जुनी_एस्टीम (जळगाव)
यंत्र लागतच नाही. नियम असा करा: स्पर्धेला येताना गेटवर जे चार टायर गाडीला आहेत त्यांच्या बाजूवरचा कारखान्याचा तारखेचा आकडा लिहून घ्या. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. चारही टायरवर खडूने खूण करा. दिवसभर तेच. ट्रेलरवरून आणलेली गाडी आणि बदललेला सेट सरळ खुल्या गटात. जिप्सीवाले खोल खाचांच्या टायरवर चालवत आले तर त्यांचा डाव त्यांच्याकडे राहतोच.

शिरपूर_जिप्सी
शिरपूरपासून धुळ्यापर्यंत महामार्गावर ते टायर किती गुणगुणतात माहीत आहे का तुम्हाला? पण चालेल. चालवत येईन.

लळिंग_वळण (धुळे)
मऊ टायर लावून चालवत आला तर? जळगाव-धुळे अंतरात काही ते झिजून संपत नाहीत.

जुनी_एस्टीम (जळगाव)
येऊ दे. नव्या मऊ टायरवर आपल्या महामार्गाचं काम चालू असलेल्या पट्ट्यातून येऊन दाखवू दे, मी स्वतः त्याला रस्त्याच्या गटात घ्या म्हणेन.

लळिंग_वळण (धुळे)
हे पटतंय असं नाही, पण खडूची खूण तरी होऊ शकते. पुढच्या बैठकीत मांडा. विरोध करणार नाही, पाठिंबाही देणार नाही.

ताईची_८०० (चाळीसगाव)
मांडताना महिलांच्या एंट्रीचा मुद्दा त्याच कागदावर लिहा: ज्या बाईला सीसीच्या गटात यायचंय तिचा फॉर्म परत करायचा नाही. वेगळा कागद केला की तो मागे पडतो.

जुनी_एस्टीम (जळगाव)
त्याच कागदावर लिहितो. पहिला तोच.

केळीपट्टा (रावेर)
आणि स्थानिकांचा गट?